हौदातील तरंगत्या गोळ्यापासून स्वयंनियंत्रित इमारतीपर्यंत

प्रत्येक धंद्याला त्याचा इतिहास असतो. लोहाराच्या ऐरणीला तो आहे, विणकराच्या मागाला आहे, तसाच तो मोठ्या इमारतीच्या तळघरात बसून शेकडो खोल्यांची हवा, दिवे, पाणी आणि लिफ्ट यांवर लक्ष ठेवणाऱ्या तंत्रज्ञाच्या कामालाही आहे. या कामाला 'बिल्डिंग ऑटोमेशन' म्हणजे इमारतींचे स्वयंनियंत्रण असे म्हणतात. साइटवरची मंडळी त्याला थोडक्यात 'बीएमएस' म्हणतात. इस्पितळ, विमानतळ, मोठे हॉटेल, भुयारी रेल्वेचे स्थानक, संगणकांनी भरलेले डेटा सेंटर, अशा कोणत्याही ठिकाणी गेलात तरी भिंतीमागे ही यंत्रणा अहोरात्र जागी असते.

आपल्या समाजातील पालकांना डॉक्टर, वकील, शिक्षक हे व्यवसाय माहीत आहेत. 'एसीचा मेकॅनिक' हाही शब्द परिचयाचा आहे. परंतु या दोहोंच्या मधली, हाताच्या कौशल्याला गणिताची आणि विज्ञानाची जोड मागणारी जी मोठी पायरी आहे, ती आपल्या नजरेतून सुटते. म्हणून विद्यार्थी मित्रांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर या व्यवसायाचा इतिहास थोडक्यात मांडावा, असा या लेखाचा हेतू आहे.

एक साधी कल्पना

मशिदीच्या हौदावर किंवा घराच्या गच्चीवरील टाकीत बॉलकॉक बसवलेला असतो. पाणी वर चढले की पोकळ गोळा तरंगत वर येतो व नळाचे तोंड बंद करतो. पाणी वापरले गेले की गोळा खाली उतरतो आणि नळ पुन्हा वाहू लागतो. तिथे कोणी पहारेकरी नसतो, तरीही टाकी कधी ओसंडत नाही व कधी रिकामी राहत नाही.

या साध्या गोळ्यात स्वयंनियंत्रणाचे सारे तत्त्व साठलेले आहे. पहिली गोष्ट म्हणजे मोजणे : पाणी किती आहे ते गोळा सांगतो. दुसरी म्हणजे तुलना करणे : हवी ती पातळी आणि असलेली पातळी यांत अंतर किती? तिसरी म्हणजे कृती करणे : अंतर असेल तर नळ उघडायचा, नसेल तर मिटायचा. कृतीचा परिणाम पुन्हा मोजमापात दिसतो आणि चक्र फिरत राहते. आजच्या सत्तर मजली इमारतीतील संगणकही हेच तीन धडे गिरवतो. फरक इतकाच, की पाण्याच्या जागी तो हवेचे उष्णतामान, दमटपणा, दाब व प्रकाश मोजतो.

ही कल्पना कोण्या एका जातीची वा देशाची नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात टेसिबियस नावाच्या ग्रीक यंत्रकाराने पाण्याच्या घड्याळात प्रवाह एकसारखा राहावा म्हणून तरंगत्या झडपेचा उपयोग केला. त्याच्यानंतर फिलो आणि हेरो यांनी हा विचार पुढे नेला. मग तो बगदादला आला, आणि तेथे त्याला विलक्षण बहर आला.

बगदादचे तीन भाऊ

अब्बासी खलिफा अल-मामून याची कारकीर्द इ. स. ८१३ ते ८३३ अशी झाली. त्याच्या पदरी मूसा बिन शाकिर नावाचा ज्योतिषशास्त्रज्ञ होता. तो वारला तेव्हा मुहम्मद, अहमद व हसन ही त्याची तीन मुले पोरकी झाली. खलिफाने त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पुढे हेच तिघे 'बनू मूसा' म्हणजे मूसाची मुले या नावाने ज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाले. पोरक्या मुलांच्या शिक्षणावर खर्च केलेला पैसा कसा फळतो, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनी 'किताबुल हियल' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात सुमारे शंभर यंत्रांची वर्णने व आकृत्या आहेत. त्यांतली बरीचशी दरबारी करमणुकीची आहेत. एकाच तोटीतून वेगवेगळी पेये देणारी सुरई आहे, आकार बदलणारी कारंजी आहेत. परंतु करमणुकीच्या आड जे तंत्र दडले आहे, ते फार मोलाचे आहे. शंकूच्या आकाराची झडप, तरंगता गोळा, वक्रनलिका यांच्या जुळणीतून त्यांनी अशी यंत्रे रचली, की एक क्रिया पूर्ण झाली की दुसरी आपोआप सुरू व्हावी. त्यांच्या एका दिव्यात तेल जसजसे जळे, तसतसे नवे तेल आपोआप उतरत असे. तेलाची पातळी राखणारा तो दिवा आणि आजच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी राखणारी यंत्रणा या एकाच कुळातल्या.

याच भावांची एक दुसरी कथा जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवली आहे, आणि ती मुलांना सांगणे मला अधिक गरजेचे वाटते. खलिफा मुतवक्किल याने एक कालवा खणण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. त्यांनी ते अल-फरगानी या विद्वानाला दिले. त्याने कालव्याचे मुख बाकीच्या भागापेक्षा अधिक खोल खणले, त्यामुळे नदी उतरली की पुढे पाणी वाहणे शक्य नव्हते. खलिफाच्या कानावर चूक गेली आणि भावांच्या जिवावर बेतले. तपासणीचे काम आले सनद बिन अली या अभियंत्याकडे. बनू मूसांनी मत्सरापोटी तत्त्ववेत्ता अल-किंदी याची पुस्तके बळकावली होती. ती आधी परत करा, मगच मदत करीन, अशी अट सनदने घातली. पुस्तके परत गेली. नदीला तेव्हा पाणी भरपूर होते, त्यामुळे चूक काही महिने दिसणार नव्हती. सनदने काम बरोबर असल्याचा निर्वाळा दिला, आणि चूक उघडी पडण्याआधीच, इ. स. ८६१ मध्ये, खलिफाचा खून झाला. भाऊ वाचले.

ही कथा मी मुद्दाम सांगतो. आपले पूर्वज थोर होते, पण ते माणसेच होती. त्यांच्यात मत्सर होता, हयगयही होती. आणि दरबारात कितीही मान असला तरी पाणी उंचावर चढत नाही. निसर्गापुढे वशिला चालत नाही, तेथे फक्त मोजमाप चालते.

अल-जझरीची कार्यशाळा

पुढे साडेतीनशे वर्षांनी आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे, अर्तुकी राजांच्या सेवेत, अल-जझरी नावाचा यंत्रकार होऊन गेला. इ. स. १२०६ मध्ये त्याने आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात पन्नास यंत्रे आहेत. पाण्याची घड्याळे, रहाट, हात धुण्यासाठी पाणी देणारी यंत्रे, आणि सुप्रसिद्ध हत्तीचे घड्याळ. त्याच्या घड्याळांत पाणी सतत एकाच वेगाने वाहावे म्हणून तरंगत्या झडपेची योजना होती.

परंतु अल-जझरीचे खरे वेगळेपण यंत्रांपेक्षा त्याच्या लेखनपद्धतीत आहे. प्रत्येक भाग कशाचा करावा, किती लांबीचा करावा, कसा जोडावा, हे त्याने दुसऱ्या कारागिराला वाचून करता येईल अशा रीतीने लिहिले. झडप आणि तिची बैठक एकमेकांवर कुरुंदाच्या भुकटीने घासून पाण्याचा थेंब सुटणार नाही अशी बसवावी, लाकूड वाकू नये म्हणून त्याचे थर एकावर एक चिकटवावेत, अशा सूचना त्यात आहेत. जे प्रत्यक्ष करून पाहिलेले नाही, त्यावर विसंबायचे नाही, असा त्याचा कटाक्ष होता. म्हणूनच विसाव्या शतकात त्याच्या पुस्तकावरून त्याची यंत्रे पुन्हा बांधता आली, आणि ती चालली. ब्रिटिश अभियंता डोनाल्ड हिल याने अल-जझरीच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९७४ मध्ये आणि बनू मूसांच्या ग्रंथाचे १९७९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा जगाला या वारशाची नीट ओळख झाली.

लेखणी आणि हातोडी एकाच माणसाच्या हाती असली की विद्या वाढते. त्यांची फारकत झाली की विद्वान पोपटपंची करू लागतो आणि कारागीर अडाणी राहतो. आपल्याकडे हेच घडले. हुन्नर असलेल्या घरांत पुस्तक गेले नाही, आणि पुस्तक असलेल्या घरांनी हुन्नराला हलके मानले.

युरोपातील वाटचाल

युरोपात हा धागा निराळ्या वाटेने पुन्हा हाती आला. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये अंडी उबवण्याच्या भट्टीचे उष्णतामान आपोआप राखणारे साधन बनवले. आतील द्रव तापून प्रसरण पावला की हवेची झडप मिटे आणि आग मंदावे. १७६५ मध्ये रशियात पोल्झुनोव्हने वाफेच्या बॉयलरमधील पाण्याची पातळी तरंगत्या गोळ्याने राखली. १७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाचा वेग कायम ठेवण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला. १८३० मध्ये ग्लासगोच्या अँड्र्यू युअर याने दोन धातूंची पट्टी वापरून उष्णतानियंत्रक बनवला व त्याला थर्मोस्टॅट हे नाव दिले. दोन धातू तापल्यावर कमी-अधिक वाढतात, म्हणून जोडपट्टी वाकते, आणि तिच्या वाकण्याने झडप हलते. शाळेच्या विज्ञानात प्रसरणाचा जो धडा आपण परीक्षेपुरता पाठ करतो, त्याच धड्यावर एक उद्योग उभा राहिला.

एक प्रश्न मात्र उरला होता. काही गव्हर्नर इंजिनाचा वेग स्थिर करण्याऐवजी त्याला हेलकावे देत. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने गव्हर्नरवर निबंध लिहून हे हेलकावे केव्हा थांबतील आणि केव्हा वाढतील, ते गणिताने दाखवले. तेव्हापासून स्वयंनियंत्रण ही केवळ कारागिरी राहिली नाही, ते शास्त्र झाले.

एका शिक्षकाचे कार्य

इमारतींच्या स्वयंनियंत्रणाचा आधुनिक धंदा ज्याने सुरू केला, तो कोणी कारखानदार नव्हता, शाळामास्तर होता. वॉरन जॉन्सन याचा जन्म १८४७ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात झाला. त्याचे बरेचसे शिक्षण स्वतःच्या प्रयत्नाने झालेले. पुढे तो विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात शिकवू लागला.

तेथील हिवाळा अतिशय कडक. इमारत तापवण्यासाठी तळघरात भट्टी असे. कोणत्या वर्गात किती ऊब आहे हे पाहण्यासाठी शिपाई दर तासाला वर्गात येई, पारा पाही, मग तळघरात जाऊन हवेच्या झडपा हलवी. शिकवण्यात खंड पडे, आणि तरीही एका वर्गातील मुले घामाघूम तर दुसऱ्या वर्गातील कुडकुडत. जॉन्सनने वर्गात विजेवर चालणारा उष्णतादर्शक बसवला. उष्णतामान ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले की तळघरात घंटा वाजे आणि भट्टीवाल्याला कळे. १८८३ मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. १८८५ मध्ये मिलवॉकी शहरात कंपनी स्थापन झाली. पुढे घंटा ऐकणाऱ्या माणसाचीही गरज उरू नये म्हणून त्याने दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या झडपा बनवल्या, आणि १८९५ मध्ये एका इमारतीतील अनेक खोल्यांचे उष्णतामान वेगवेगळे राखणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. १९११ मध्ये तो वारला, परंतु जॉन्सन कंट्रोल्स या नावाने त्याची कंपनी आजही या क्षेत्रात अग्रेसर आहे.

आम्हा शिक्षकांना जॉन्सनचा अभिमान वाटणे साहजिकच आहे. पण विद्यार्थ्यांनी त्यापासून घ्यायचा बोध वेगळा आहे. वर्ग गैरसोयीचा आहे अशी तक्रार शेकडो शिक्षकांनी केली असेल. जॉन्सनने तक्रारीचे मोजमाप केले, आणि त्यातून नवा व्यवसाय जन्मास आला.

त्याच वर्षी, म्हणजे १८८५ मध्ये, मिनिआपोलिस येथे अल्बर्ट बुट्झ याने घरगुती भट्टीची झडप साखळीने आपोआप उघडणारे साधन बनवले. त्याची कंपनी अनेक हातांतून गेली व १९२७ मध्ये मार्क हनीवेल याच्या कंपनीशी एक झाली. हनीवेल हे नाव तेथून प्रसिद्धीस आले. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतील दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. दमट हवेने कागद फुगे व रंग एकमेकांवर नीट बसत नसत, ही अडचण होती. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ असा माणसाच्या सुखासाठी नव्हे, तर कागदाच्या सोयीसाठी झाला. आपल्या मुंबईत कुलाब्याचे रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये वातानुकूलित होऊन उघडले. पुढे १९४३ मध्ये ब्लू स्टार आणि १९५४ मध्ये व्होल्टास या कंपन्या मुंबईत निघाल्या, आणि १९८० च्या दशकात टाटा व हनीवेल यांच्या भागीदारीतून पुण्यात स्वयंनियंत्रणाची कंपनी उभी राहिली.

हवेच्या नळीपासून संगणकापर्यंत

अर्धशतकाहून अधिक काळ इमारतींचा निरोप हवेच्या नळ्यांतून जात असे. दर चौरस इंचाला ३ ते १५ पौंड असा दाब ठरलेला. दाब वाढला की झडप एका बाजूला, कमी झाला की दुसऱ्या बाजूला. पुढे विजेचे संकेत आले. त्यांत ४ ते २० मिलिअँपिअर हे प्रमाण रूढ झाले. मुले विचारतील, शून्यापासून का नाही? उत्तर फार सुंदर आहे. शून्य मोजमापालाही तारेतून ४ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. प्रवाह अगदीच शून्य झाला तर समजावे की तार तुटली. मोजमाप शून्य आहे आणि निरोपच येत नाही, या दोन गोष्टींतला भेद यंत्राला कळावा अशी ही योजना आहे.

१९७३ साली पश्चिम आशियातील युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत सुमारे चौपट झाले. तोवर अमेरिकेत व युरोपात इंधन स्वस्त होते, रिकाम्या खोल्याही रात्रभर तापत व थंड होत. आता प्रत्येक घटकाचा हिशेब आला. सुदैवाने याच सुमारास संगणक लहान व स्वस्त होत होता. १९७१ मध्ये पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, १९७२ मध्ये जॉन्सनच्या कंपनीने इमारतींसाठी छोट्या संगणकाची यंत्रणा आणली, आणि १९८० च्या दशकात हवेच्या नळ्यांची जागा संगणकीय नियंत्रकांनी घेतली.

मग नवी अडचण आली. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा वेगळी. एकदा एका कंपनीची यंत्रणा घेतली की मालक तिच्याच दावणीला बांधला जाई. १९८७ मध्ये अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने समिती नेमली आणि १९९५ मध्ये 'बॅकनेट' ही सर्वांसाठी समान संकेतभाषा प्रसिद्ध केली. २००३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळाला. आज जो तरुण बॅकनेट व १९७९ पासून चालत आलेली मॉडबस या दोन भाषा जाणतो, त्याला मुंबईत जे कळते तेच दुबईत आणि सिंगापुरातही कळते.

ही अमानत आहे

या व्यवसायाची एक गंभीर बाजू आहे. २१ नोव्हेंबर १९८० रोजी अमेरिकेत लास व्हेगास येथील एमजीएम ग्रँड या प्रचंड हॉटेलात तळमजल्यावर आग लागली. ८५ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली बहुतेक माणसे आगीपासून दूर, वरच्या मजल्यांवर धुराने गुदमरून गेली. धूर जिन्यांतून व लिफ्टच्या पोकळीतून चढला, आणि हवेच्या नळांतील धूर अडवणाऱ्या झडपांनी आपले काम न केल्यामुळे ज्या यंत्रणेने शुद्ध हवा पुरवायची तिनेच विषारी हवा खोल्याखोल्यांत पोहोचवली.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरचे जंतू आत येत नाहीत. क्षयासारख्या हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णाच्या खोलीत याच्या उलट, दाब कमी ठेवतात, म्हणजे आतले जंतू बाहेर जात नाहीत. दोहोंतला फरक डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त मोजणाऱ्या यंत्राला आणि ते यंत्र तपासणाऱ्या तंत्रज्ञाला ठाऊक असतो. २०२० च्या कोविडच्या साथीनंतर खोलीतील हवा कशी व किती बदलते याचे महत्त्व सामान्य माणसालाही पटले. ज्याच्या सहीवर 'झडप तपासली, बरोबर आहे' असे लिहिले जाते, त्याच्या हाती अनोळखी माणसांचे प्राण असतात. न तपासता सही करणे ही अमानतीत खयानत होय. आपल्या घरांतून मिळणारे धर्माचे संस्कार येथे प्रत्यक्ष व्यवसायात उपयोगी पडतात.

आपली मुले कोठे उभी आहेत?

१९७० च्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला तेव्हापासून कोकणातील व इतर भागांतील आपले हजारो तरुण तिकडे गेले. त्यांच्या कष्टांवर येथे घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, शाळांना देणग्या मिळाल्या. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु दहावी होताच पासपोर्ट काढायचा आणि मामा-चुलत्यांच्या ओळखीने 'हेल्पर' म्हणून जायचे, ही रीत अजून पुरती गेलेली नाही.

माझा एक माजी विद्यार्थी असाच गेला. सुटीत भेटला तेव्हा म्हणाला, "सर, चिलरचा आवाज ऐकून त्याला काय झालंय ते मी सांगतो. पण पॅनेलचा नकाशा समोर ठेवला की मी मागे सरतो आणि माझ्यानंतर आलेला डिप्लोमावाला पुढे होतो." त्याच्या हातात विद्या होती, पण कागदावर ती कोणी चढवली नव्हती. अल-जझरीचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजात असे व्हावे, याचे मला फार वाईट वाटते. पूर्वजांच्या शोधांची यादी सभेत टाळ्या मिळवते, मुलाखतीत नोकरी मिळवत नाही.

आणि मार्ग तर उघडे आहेत. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत म्हणजे आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक किंवा रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. इलेक्ट्रिशियनचाही आहे. ज्यांचे गणित बरे आहे, त्यांनी तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घ्यावी. इन्स्ट्रुमेंटेशन, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, यांत्रिकी यांपैकी कोणतीही शाखा या व्यवसायाकडे नेते. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय आहे. तांत्रिक शिक्षणाची आपल्या समाजातील परंपराही नवी नाही. बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या छत्राखाली भायखळ्याला साबू सिद्दीक यांच्या नावाने तंत्रशिक्षणाच्या संस्था चालतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

कामाचे प्रकारही अनेक. कोणी खोलीतील संवेदक व तारा बसवतो. शंभर ओहमचा प्लॅटिनम संवेदक शून्य अंशाला किती रोध दाखवतो आणि तापल्यावर तो का वाढतो, हे त्याला माहीत असावे लागते. कोणी पॅनेल जोडतो, कोणी नियंत्रकात आज्ञावली भरतो, कोणी इमारत सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बिंदू तपासतो, कोणी रात्रपाळीत पडद्यावर लक्ष ठेवतो, कोणी विजेच्या खर्चाचे लेखापरीक्षण करतो. भारतात २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संहिता आली व २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. वीज वाचवणे आता केवळ काटकसर राहिलेली नाही. नवी मुंबईत डेटा सेंटरे उभी राहत आहेत, मुंबईत भुयारी मेट्रो धावते आहे. यांतले एकही ठिकाण स्वयंनियंत्रणाखेरीज एक दिवसही चालू शकत नाही.

मुलींच्या पालकांना स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. या क्षेत्रातील आराखडे, आज्ञावली, देखरेख व ऊर्जेचे हिशेब ही कामे टेबलावर, संगणकासमोर होतात. शाळेत गणितात पहिली येणारी मुलगी बारावीनंतर घरी बसावी, असे कारण यात मला तरी सापडत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तयारी आजपासून करता येते. विज्ञानातील उष्णता, वीज व दाब हे धडे समजून घ्या. गणितातील आलेख टाळू नका. इंग्रजी माहितीपुस्तिका वाचून समजेल इतके इंग्रजी आलेच पाहिजे. शाळेच्या प्रयोगशाळेत उष्णतामापक हातात घ्या आणि आठवडाभर वर्गाचे उष्णतामान दर तासाला वहीत लिहा. आलेख काढा. कोणत्या खिडकीने ते बदलते ते पाहा. व्हाइटवॉटरच्या मास्तरांनी एवढ्यापासूनच सुरुवात केली होती.

पालकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलाच्या हाताला हुन्नर असेल तर त्याला कमी लेखू नका, आणि हुन्नर आहे म्हणून त्याचे पुस्तकही सोडवू नका. दोन-तीन वर्षे कमाई लांबेल, हे खरे आहे, आणि ज्या घरात ती कमाई आजच हवी आहे तेथे हे बोलणे सोपे नाही, हेही मी जाणतो. अशा घरांसाठीच संस्थेच्या शिष्यवृत्त्या, जकातीचा विनियोग आणि सुस्थितीतील बांधवांचे सहकार्य असते. बगदादच्या त्या तीन पोरक्या मुलांच्या शिक्षणाचा भार खलिफाने उचलला होता. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात आज तो भार कोण उचलणार, हा प्रश्न आपणा सर्वांपुढे आहे. ज्या मुलांना आपण आज शिकवू, त्यांच्याच देखरेखीखाली उद्याच्या इस्पितळांत रुग्ण श्वास घेणार आहेत.